अतिथी कोण?

बनाबाईनं पितळी थाळी डोक्यावर धरली आणि भिंतीकडं तोंड केलं. पिठोरी अमावस्येची रीतच तशी. आईनं मागं वळून बघायचं नाही, नुसतं विचारायचं. मागं बसलेल्या लेकरानं आपलं नाव सांगायचं आणि थाळीतलं खीरपुरीचं वाण उचलायचं.

"अतिथी कोण?" पाणी तापलं का, असं विचारावं तसं बनाबाईनं विचारलं.

"मी, हौसा."

थाळी हलकी झाली, पण रिकामी झाली नाही. सकाळी बनाबाईच्या हातांनी सवयीनं दोन वाट्या भरल्या होत्या. सासूनं, झुंबरबाईनं, ते बघितलं होतं.

दुसरी वाटी बाळासोची. गेल्या साली तो नऊ वर्षांचा होता. नाव सांगायच्या आधीच वाटी पळवायचा. माघात प्लेगची गाठ आली आणि माळावरच्या झोपडीत दोन दिवसांत तो गेला. सगळं कोल्हापूर तेव्हा गावाबाहेर पडलेलं. रडायला जमणारी माणसंही पांगली होती. नवरा आकाराम महाराजांच्या पागेत घोड्यांना खरारा करता करता रडायचा. बनाबाई मात्र रडलीच नाही. दळायची, सारवायची, भाकरी थापायची आणि स्वतः जेवायचं विसरायची. हौसाची वेणी घालायचंही विसरायची. सात वर्षांची पोर आजीकडून कशीबशी वेणी घालून घ्यायची आणि दिवसभर आईच्या मागं मागं हिंडायची. आईला ती दिसायची, पण चूल दिसावी तशी.

गल्लीचीही पंचाईत झाली होती. पेठेतल्या बायका इतकी वर्षं तिला "बाळासोची आई" म्हणूनच हाक मारायच्या. आता कशी मारायची? आडावर नुसतं "अगं ए" म्हणायच्या आणि घागर उचलून चालू लागायच्या. आभाळच फाटलं, तिथं ठिगळ कुठं लावणार?

"अतिथी कोण?" बनाबाईनं परत विचारलं. वाण उरलेली थाळी खाली ठेवायची नसते.

मागं कुणी बोलेना. झुंबरबाईला वाटलं, पोर आता भावाचं नाव घेते की काय!

हौसा उठून पुढं आली. आईच्या डोक्यावरची थाळी तिनं दोन्ही हातांनी उतरवून घेतली. परकराच्या ओच्यातून एक पुरी काढून तीत ठेवली. उरलेल्या कणकेची तिनं ती स्वतः केली होती. आजीनं नुसती तळून दिली होती. पुरी कसली, बोटांचे ठसे उठलेला वाकडातिकडा गोळाच तो.

"आता तू मागं बस, आये," ती म्हणाली. "मी इचारणार."

"अगं, असलं कोण करतंय व्हय?" झुंबरबाई म्हणाली. "आईनं इचारायचं असतंय."

"मग आईला कोण इचारणार?"

बनाबाई उठली, कुणी काम सांगितल्यासारखी, आणि मागं जाऊन बसली. हौसानं भिंतीकडं तोंड केलं. तिच्या डोक्यावर थाळी डगमगत होती. पाठीवरची वेणी निम्मी सुटली होती.

"अतिथी कोण?"

बनाबाई त्या वेणीकडं बघत राहिली.

"सांग की, आये. हात भरून आलं माझं. अतिथी कोण?"

बनाबाईचे ओठ हलले. सवयीनं ओठांवर आलेलं नाव तिथंच अडलं. माघापासून कोरडे राहिलेले डोळे भरून आले आणि वाहू लागले. थाळीतली वाकडी पुरी तिनं उचलली.

"हौसाची आई," ती म्हणाली.