देव नसल्याची कविता

अथेन्समध्ये नाव कमावलेला आमचा इग्नातीस नव्या कविता ऐकवायला गावी आला आणि ऐन वेळी त्याचा घसा बसला. मग चर्चमध्ये स्तोत्रं गाणाऱ्या प्रोकोपीसकाकांना वाचायला उभं केलं.

"काका, साधं वाचा हं. देव नाही, हे गावाला एकदा ठणकावून सांगायचंय," इग्नातीस त्यांच्या कानाशी खरखरला.

"वाचतो की रे!"

पण काकांची सगळी हयात स्तोत्रांत गेलेली. छापलेली ओळ न गाता वाचायची कशी, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "वर कुणी नाही, आभाळ रिकामं आहे," हे त्यांनी असं काही आळवलं, की खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. बायका डोळे पुसू लागल्या.

"कार्टं सुधारलं गं बाई!" इग्नातीसची आई मिर्सिनी मला म्हणाली.

इग्नातीस काकांना थांबवायला तरातरा उठला. तेवढ्यात काकांनी "मेला तो देव" ही शेवटची ओळ खर्जात नेऊन अलगद सोडली. साऱ्या गावानं छातीवर क्रुसाची खूण करून 'आमेन' म्हटलं.



त्यातला सर्वांत पहिला, घोगरा 'आमेन' खुद्द कवीचा होता.