बगळीची ओळख

"या, ट्रँटरबाई, बघा!" म्हणत डेस्मंडने ताडपत्री ओढली. कॉव्हेंट्रीबाहेरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये लांब नाकाची हिरवी गाडी उघडी पडली. पुढची चाकं अजून टेकूवर होती. बाकी गाडी अशी चकचकीत, की एनिड ट्रँटरबाईंना तिच्या दारात आपला चष्मा दिसला.

"बगळी," त्या म्हणाल्या.

डेस्मंडला भरून आलं. कारखान्यातलं हे नाव त्याने दोघा म्हाताऱ्या कामगारांकडून ऐकलं होतं, दोघेही आता गेले. कंपनीने नमुन्यादाखल अशी एकच गाडी बनवली आणि मग तोडून टाकली, असंच सगळे धरून चालले होते. त्याला ती एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये सापडली. बिल्ला दुसऱ्याच गाडीचा, नंबर कुठेच नाही. आता शनिवारी जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी येणार होती आणि त्यांना ओळखीचा पुरावा हवा होता. पुरावा एनिडबाईंच्या पर्समध्ये होता, एक जुना फोटो. फोटोत त्यांचा नवरा क्लेम, टोपी मागे सारलेली, बगळीला टेकून हसत होता. कंपनीच्या नव्या गाड्या रस्त्यावर पळवून बघायच्या, हे त्याचं काम.

"आधी बोनेट उघडा," एनिडबाई म्हणाल्या. "फोटो मग."

"आई, उरक लवकर. थंडी काय कमी आहे?" दारातून मॅल्कम म्हणाला. हा त्यांचा मुलगा, सत्तरीला टेकलेला. आईला इथवर घेऊन आला होता, पण आत यायला तयार नव्हता. बापाचा विषय निघाला की तो असाच दारात राहायचा.

डेस्मंडने बोनेट उघडलं.

"स्टिअरिंगचा दांडा कुठला हो यातला?"

"हा काय! नवाकोरा. मुद्दाम घडवून घेतला. जुन्याचे दोन तुकडे झाले होते." डेस्मंडला आता चेव चढला. "आणि मजा सांगतो, जिथे तुटला ना, तिथे अर्धा भाग काळा पडलेला आणि अर्धा स्वच्छ. म्हणजे चीर आधीपासूनचीच! असा दांडा ऐन वळणावर दगा देतो बघा. मग तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली सरळ!"

तो हसला. एकटाच हसला.

"आणि उजवी बाजू?"

"ती पार चेपली होती. ठोकून ठोकून सरळ..." बोलता बोलता त्याने एनिडबाईंकडे पाहिलं.

एनिडबाई दाराकडे वळल्या. "ऐकलंस, मॅल्कम?"

"बाबा गेले त्या अपघातानंतर कोर्टात दाखवलेली गाडी साधी होती, आई. बाजारात मिळते तसली. तिच्यात काडीचा बिघाड नव्हता." मॅल्कमने हे इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याला आता रागही येत नव्हता. "डावीकडचं वळण सोडून माणूस सरळ भिंतीत जातो, तो झोपलेला तरी असतो, नाहीतर प्यालेला. अख्खी शाळा मला दारुड्याचा पोर म्हणायची. मला नको सांगूस."

"कोर्टात दाखवली ती गाडीच दुसरी होती! तो बगळी घेऊन गेला होता. मी तिथे घसा फोडून सांगितलं. कंपनीचे साहेब लोक म्हणाले, अशी गाडी आमच्याकडे नाहीच. बाईंना दुःखाने भ्रम झालाय." त्या डेस्मंडकडे फिरल्या. "तुकडे कुठायत?"

डेस्मंड स्टुलावर बसला. "भंगारात दिले. कधीच. मला काय ठाऊक, बाई? देवाशप्पथ, मला वाटलं, गंजकं लोखंड, काय करायचंय ठेवून!"

"जाऊ द्या. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना? मग तसं लिहा. क्लबच्या मासिकात, क्लेमच्या फोटोखाली."

डेस्मंडचा हात गाडीच्या दारावरून फिरत होता. शनिवार त्याला समोर दिसत होता, आणि माणूस मारलेली गाडी बघायला आलेली मंडळीही.

"पाहिलं, म्हणजे... पाहिलं खरं. पण वस्तूच हातात नाही, तर कोण मानणार? शिवाय शेतकऱ्याने ओढून नेताना तुटला असेल. इतकी वर्षं पडून होती. छातीठोक नाही सांगता येणार, बाई."

"आत्ता सांगितलंत की!"

"ते आपलं बोलण्याच्या ओघात."

कोर्टातले साहेबही असेच खाली बघून बोलले होते. एनिडबाईंनी फोटो पर्समध्येच राहू दिला.

"मग ही बगळी नव्हेच, डेस्मंड. अशी गाडी कंपनीकडे कधी नव्हतीच. शनिवारी हेच सांगा सगळ्यांना."

"अहो बाई, तीन वर्षं घातलीत मी हिच्यात!"

"मी जन्म घातलाय. दार उघडा, मला बसू द्या."

दार मॅल्कमने उघडलं. तो कधी आत आला, कुणाला कळलं नाही. त्याने आईचं कोपर धरलं, तिला आत बसवलं, तिचा कोट दारात अडकू नये म्हणून आत सारला. मग तिथेच, पुढच्या चाकाशी उभा राहिला.

एनिडबाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि डावीकडे फिरवलं. टेकूवरची चाकं मुकाट्याने डावीकडे वळली. मॅल्कम त्या चाकांकडे बघत राहिला.

"वळली बघ," एनिडबाई म्हणाल्या. "आता वळली."