लाल ठिपका

"गप्प बस आता," रॉस्को म्हणाला आणि त्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

डेल्बर्टने ओठ घट्ट मिटले. चाळीस वर्षांचा नियम होता तो. कॅमेरा चालू झाला की बोलायचं नाही, शिंकायचं नाही, सँडविचचा कागदसुद्धा वाजवायचा नाही. फिल्ममध्ये गाडी तेवढी ऐकू आली पाहिजे. बडबड्या डेल्बर्टला हे जन्मात जमलं नसतं, पण त्याने एक युक्ती काढली होती. गाडी जाईपर्यंत तो गुडघ्यावर बोट आपटत मनातल्या मनात डबे मोजायचा.

खालून मालगाडी चढत आली. पुढे चार इंजिनं धापा टाकत होती, मागे कंटेनर लादलेले डबे संपता संपत नव्हते. तेहाचपीच्या या डोंगरात रूळ स्वतःभोवतीच अख्खा वेढा घेतात. गाडी लांब असली की इंजिनं वरून जातात आणि त्यांच्याच खालून, बोगद्यातून, शेपूट येत असतं. एवढं पाहायला दोघे म्हातारे आजवर या टेकडीवर येत राहिले. आज शेवटचं. डेल्बर्टचे गुडघे गेले होते, गॅस चालू ठेवून तो झोपी जायला लागला होता. सोमवारी त्याची मुलगी नोरीन त्याला ओहायोला नेणार होती, कायमचं. "ही एक फिल्म मला सोबत दे," एवढंच त्याने रॉस्कोकडे मागितलं होतं.

शेवटचा डबा वळणाआड गेला. आवाज पुरता विरेपर्यंत रॉस्को थांबला, मग त्याने पुन्हा बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका पेटला.

विझायचा तो पेटला. म्हणजे गाडी येताना दाबलं तेव्हा कॅमेरा बंद झाला होता. मग त्याआधी चालू कधी केला? मघाशी स्टुलावर ठेवताना अंगठा लागला असणार. रॉस्कोने घाईघाईने कॅमेरा थांबवला, हेडफोन कानाला लावले आणि काय आलंय ते पाहायला लागला.

गाडी नव्हतीच. वाळकं गवत होतं आणि बुटांचे दोन जोड. वर डेल्बर्टची टकळी चालू होती. "नोरीन म्हणते, ओहायोतही गाड्या आहेत. असतील ना! पण सगळं सपाट. सपाटीवर कुणीही पळेल, त्यात काय मोठं?" मग रॉस्कोचे बूट उठून ओकच्या झाडामागे गेले. तेवढा वेळ नुसता वारा. आणि मग डेल्बर्टचा आवाज, पण हळू.

"रॉस्को, तुला एक सांगायचं होतं. नको, असं म्हटलं तर तो पळूनच जाईल." त्याने घसा खाकरला. "हे बघ गाढवा, माझी मार्जरी गेली त्या वर्षी दर शनिवारी तू माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवलास. मला गाड्याबिड्या बघायच्या नव्हत्या. मला अंथरुणातून उठायचंच नव्हतं. तू उठवलंस मला. तुझे उपकार..."

बूट परत आले. आवाज लगेच पालटला. "काकडी घे रे, शेवटची आहे."

रॉस्कोला कॅमेऱ्याचा पडदा दिसेनासा झाला. त्याच्या घरी फिल्मची दोन कपाटं भरली होती. चाळीस वर्षांच्या गाड्या, पण त्यात डेल्बर्टचा एक शब्द नव्हता. त्यानेच येऊ दिला नव्हता. देवा, बरं केलंस हा अंगठा चुकवलास, त्याच्या मनात आलं.

"कशी आलीय?" डेल्बर्टने विचारलं. "अरे, फिल्म कशी आलीय? बहिरा झालास काय?"

रॉस्कोने हेडफोन काढले. "गाडी आलीच नाही. बटण उलटंसुलटं दाबलं मी."

"धन्य आहे! इतकी वर्षं माझं तोंड बंद केलंस आणि स्वतः... मग आलंय काय?"

"आपले बूट."

डेल्बर्ट हसायला लागला आणि मध्येच थांबला. "आणि आवाज?"

"आवाज स्वच्छ आलाय."

डेल्बर्ट पँटला चिकटलेली कुसळं काढत बसला. मान वर न करता म्हणाला, "सगळा?"

"सगळा."

तेवढ्यात रेल्वेचं बोलणं ऐकायला शेजारी ठेवलेल्या रेडिओत खरखर झाली. खालच्या स्टेशनातून आणखी एक मालगाडी सुटली होती. रॉस्कोने घड्याळ पाहिलं. नोरीन पाचला न्यायला येणार होती. एवढी एकच मिळणार होती.

त्याने कॅमेरा नीट तीन पायांच्या स्टँडवर बसवला आणि गाडीबरोबर डेल्बर्टचा चेहराही दिसेल असा वळवला. बटण दाबलं. चष्मा चढवून लाल ठिपका पाहिला, परत वाकून पाहिला.

"बोल आता," तो म्हणाला.

"लेका, कॅमेरा चालू आहे!"

"म्हणूनच म्हणतोय."

डेल्बर्टने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग रॉस्कोकडे. इंजिनं जमीन हादरवत गेली आणि पहिला डबा समोर आला. डेल्बर्टचं बोट गुडघ्यावर आपटलं.

"एक," तो मोठ्याने म्हणाला. "दोन. तीन."

साठाला त्याचा घसा बसला. नव्वदाला डोळे वाहायला लागले, तरी आकडा चुकला नाही. वर इंजिनं, खाली बोगद्यातून येणारं शेपूट, आणि मध्ये डेल्बर्टचा घोगरा आवाज.

"एकशे अठरा," तो शेवटी म्हणाला. "बरोबर ना?"

रॉस्कोने गाडीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. "बरोबर," तो म्हणाला.

"मग बंद कर की आता."

"राहू दे," रॉस्को म्हणाला. "तू बोल."