न हलणारा चेहरा

"काकू, एका पायावर उभ्या राहा आणि भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघा, म्हणजे चक्कर येणार नाही," योगाच्या बाई म्हणाल्या. मी पाय उचलला. ठिपका गरगरला आणि मी धप्पकन खुर्चीवर बसले.

"गरगर फिरायची सवय नाही वाटतं," त्या हसल्या.

मला रागच आला. अहो, मंगळागौरीला माझ्याशी फुगडी खेळायला बायका घाबरायच्या! टिकायची ती एकटी कुमुद, माझी धाकटी बहीण. "आधी पदर खोच, ताई," म्हणत हात पुढे करायची. मग समया, खिडक्या, बायका, सगळं फिरायचं. तिचा घामेजलेला चेहरा तेवढा जागच्या जागी असायचा. माझ्या लेकीच्या लग्नात मानपानावरून मी तिला नको ते बोलले. त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

मी पुन्हा उभी राहिले. ठिपका सोडून दिला आणि तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. पाय उचलला. भिंत फिरली, चेहरा हलला नाही.

घरी येऊन फोन लावला. "कुमुद, मला चक्कर येते गं. हात धरायला येतेस?"

ती म्हणाली, "आधी पदर खोच, ताई."