राखेत पडलेला आकडा

बेकरीवाल्याने सुऱ्याचे दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि सगळे हसले. तोही हसला.

"घ्या, एकाचे दोन झाले," तो म्हणाला. "लालबुंद असताना पाण्यात बुडवला. नंतर नुसता हातातून फरशीवर पडला, तर काचेसारखा मोडला."

रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या घरामागच्या शेडमध्ये ही चार टाळकी जमत. पोटापाण्याचा धंदा प्रत्येकाचा वेगळा, पण लोखंड तापवून ठोकायचं वेड सगळ्यांना सारखंच. आठवड्याभरात जे घडवलं असेल ते टेबलावर मांडायचं, चहा प्यायचा, गप्पा हाणायच्या. नियम एकच होता. टेबलावर आलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत. तो टेलरबाईंनी भांडून घालून दिला होता. त्यांच्या पहिल्या पळीला वकीलसाहेब म्हणाले होते, "ही पळी आहे की अपघाताचा पुरावा?" बाई डोळे पुसत घरी गेल्या होत्या.

"पण लोखंड असं मोडतं कसं?" टेलरबाईंनी विचारलं.

"साधं नाही मोडत. साधं खुशाल पाण्यात बुडवा, त्याला काही होत नाही. हे गाडीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद होतं. निम्मा पाटा तुम्हालाच नाही का दिला? त्याचं काय केलंत?"

टेलरबाईंच्या हातातला कप बशीवर आदळला.

त्याचा त्यांनी आकडा केला होता. नातवाच्या झोळीचा आकडा. लाल झालेला तुकडा पाण्यात घातला की 'चर्र' होतं, तो आवाज बाईंना फार आवडायचा. म्हणून त्या प्रत्येक वस्तू पाण्यात बुडवायच्या. हाही बुडवला होता. झोळीची शिवण मात्र दुहेरी घातली होती, ओढून ओढून पाहिली होती. जन्मभर त्यांनी धाग्याची काळजी केली. लोखंड तुटेल हे डोक्यातच आलं नाही.

आणि आत्ता नातवाची झोपायची वेळ होती. झोळीखाली नुसती फरशी.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. बाळाला झोपवताना लेक फोनचा आवाज बंद करून ठेवायची. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"नातवाच्या झोळीचा आकडा केलाय, पाण्यात बुडवून," त्या उठत म्हणाल्या.

"चला," बेकरीवाल्याने स्कूटरची किल्ली आणि हातोडी उचलली. तो आता हसत नव्हता.

टेलरबाई मागे बसल्या. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा उतरून पळत सुटावं असं त्यांना वाटलं. डोळ्यांपुढे सारखा तो आकडा येत होता. टेबलावर आला तेव्हा काय झळकत होता! डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. वकीलसाहेबांनी मात्र तो हातात घेऊन, उलटापालटा करून, तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. "घरी नेऊन नीट बघतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आणून दिला तो काळाकुट्ट, खवले धरलेला. सगळं पॉलिश मातीत. "राखेत पडला होता," एवढंच बोलून चालते झाले. ना दिलगिरी, ना काही. लेक बाळाला घेऊन राहायला यायची होती, पुन्हा घासायला वेळ नव्हता. बाईंनी रागारागात घरी तसाच टांगला आणि वकीलसाहेबांशी बोलणं टाकलं. आज ते डोळ्याच्या ऑपरेशनमुळे आले नव्हते, तर बाईंनी चौकशीसुद्धा केली नव्हती.

घराचं दार लोटलेलंच होतं. आतून काही आवाज नव्हता. बाई चपलांसकट आत धावल्या.

"शू!" लेक झोळीशेजारी बसून हात हलवत होती. "आत्ताच डोळा लागलाय, आई."

झोळी हलत होती. वर आकडा करकरत होता. टेलरबाई झोळीखाली गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हात पसरून धरले. "बाळाला उचल," त्या कशाबशा पुटपुटल्या. "आधी उचल त्याला." लेकीने आईचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता मूल छातीशी घेतलं. ते जागं होऊन रडायला लागलं. इतकं गोड रडणं बाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

बेकरीवाल्याने खुर्चीवर चढून आकडा काढला. अंगणात नेला, पायरीवर आडवा धरला आणि हातोडीचा दणका घातला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

मोडल्याचा आवाज आला नाही.

"अहो, हा तर वाकला!" बेकरीवाला चक्रावून म्हणाला. त्याने पुन्हा हाणला. आकडा आणखी वाकला, पण तुटेना. "पाण्यात घातला होतात ना नक्की? मग कुणीतरी हा पुन्हा लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवलाय. हळूहळू निवला की पोलाद मऊ पडतं. हे काळे खवलेही त्याचेच."

टेलरबाई पायरीवर बसल्या. वाकडा, काळा, खवले धरलेला आकडा त्यांनी मांडीवर घेतला. मग त्यांनी फोन लावला.

"कोण आहे?" पलीकडून वकीलसाहेब खेकसले. "डोळ्यावर पट्टी आहे, नाव दिसत नाही."

"मी टेलरबाई. साहेब, माझा आकडा राखेत पडला होता ना?"

"पडला होता."

"आपला आपण?"

"टेबलावर आलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, बाई. नियम तुमचाच होता."