अकरा नंबर

केनियातल्या एका शाळेत तीन महिने स्वयंसेवक म्हणून शिकवून आले आणि त्या शाळेसाठी मदत मागायला सगळ्यात आधी आमच्या विक्रोळीच्या बुद्धविहारात उभी राहिले. सगळे चपला बाहेर काढून सतरंजीवर बसले होते. मी फार बोललेच नाही, नुसता मोठा करून आणलेला फोटो भिंतीला टेकवून ठेवला. पाच-सहा वर्षांची मुलगी, तापलेल्या लाल मातीत अनवाणी. बायकांच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. शेजारची शकुमावशी उठून पुढे आली, फोटोतल्या पावलाला वीत लावून बघितली आणि स्वतःवरच वैतागली. "फोटोवरून काय डोंबल कळणार! नीलू, माप काय गं हिचं? नातीच्या सँडलला पैसे ठेवलेत, त्यात आधी हिला घेते. नातीचे जुने चालतील अजून." "अकरा नंबर," मी पटकन बोलून गेले. "बघा!" मावशी सगळ्यांकडे वळली. "एवढ्या पोरांमध्ये हिने मापसुद्धा ध्यानात ठेवलंय. याला म्हणतात जीव लावणं." टाळ्या वाजल्या. विहाराच्या अध्यक्षांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला मान वर करता येईना. नंबर चपलेच्या तळाला उमटवलेला होता. हा फोटो काढताना माझ्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात, फोटोपुरत्या तिला काढायला लावलेल्या, तिच्या निळ्या चपला.