तिसऱ्या महिन्याची चोळी

मृण्मयीच्या हातातली गर्भतपासणीची बांगडी अजून पांढरीच होती. वारेत आईच्या जनुकांपासून होणारं प्रथिन दिसलं की ती हिरवी व्हायची, आणि मगच सासू तिसऱ्या महिन्यात गुपचूप द्यायची चोरचोळी आणायची. तिच्या सासूबाई सिंधूताई मात्र घाईने आजच ती दवाखान्यात घेऊन आल्या होत्या.

"बांगडीच खराब असेल," त्या म्हणाल्या.

"नाही काकू," डॉक्टर म्हणाले. "हा द्राक्षगर्भ आहे, यात बाळ नाही. सगळी गुणसूत्रं वडिलांची, आईचं काहीच नाही. लवकर कळलं हे बरं झालं, आता गर्भाशय साफ करू."

सिंधूताईंनी चोळी पिशवीत सरकवली.

"माझं काहीच नव्हतं," मृण्मयी पुटपुटली, "मग मला एवढं का लागतंय?"

सिंधूताईंनी चोळी पुन्हा काढून तिच्या मांडीवर ठेवली. "बाळाला कुणी चोळी शिवतं का? तुझ्याच मापाची आहे."